सर्व्होचा आवाज (रेडिओनियंत्रित विमानप्रतिकृती)

रेडिओनियंत्रित विमानप्रतिकृतींमध्ये एलेरॉन, एलेव्हेटर व रडर हे नियंत्रणफलक आणि इंजिनाचा थ्रॉटल हलवण्यासाठी सर्व्हो नावाची लहान विद्युत-यांत्रिक साधने वापरतात. चालू सर्व्हो काही ना काही आवाज करतोच. त्यांतील काही आवाज त्याच्या रचनेतून येणारे व निरुपद्रवी असतात. काही आवाज मात्र अडलेली जोडणी, तुटलेला दाता किंवा अपुरा वीजपुरवठा यांची पूर्वसूचना देतात. एलेव्हेटरचा सर्व्हो हवेत निकामी झाल्यास प्रतिकृती सहसा वाचत नाही आणि काही किलोग्रॅम वजनाची अनियंत्रित वस्तू मैदानावरील माणसांनाही घातक ठरू शकते. त्यामुळे सर्व्होचा आवाज ओळखता येणे हा या छंदातील देखभालीचा आवश्यक भाग समजला जातो. दोष शोधताना आवाज सर्व्होच्या आतून येतो की त्याच्यावर बाहेरून पडलेल्या भारामुळे येतो, हे प्रथम ठरवावे लागते. हे न ठरवता नवा सर्व्हो बसवल्यास पुष्कळदा तोच आवाज पुन्हा ऐकू येतो, कारण दोष मुळात जोडणीत असतो.

रचना व कार्य

सर्व्होच्या प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या पेटीत एक छोटी दिष्टप्रवाह मोटर, वेग कमी करून बल वाढवणारी दंतचक्रांची माळ, बाहेरच्या दांड्याची स्थिती मोजणारा पोटेन्शिओमीटर आणि एक इलेक्ट्रॉनिक मंडल असते. बाहेर आलेल्या दांड्याच्या दातेरी टोकावर भुजा बसवतात. भुजेपासून निघालेला पुशरॉड नियंत्रणफलकावरील हॉर्नला क्लेव्हिस या चिमट्यासारख्या कडीने जोडलेला असतो.

रिसीव्हर सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० वेळा, एक विद्युत स्पंद पाठवतो. स्पंदाची रुंदी साधारणपणे १ ते २ मिलिसेकंदांच्या दरम्यान असते आणि सुमारे १.५ मिलिसेकंदांना भुजा मध्यावर राहते. मंडल या रुंदीची तुलना पोटेन्शिओमीटरने दाखवलेल्या स्थितीशी करते आणि तफावत असेल तोवर मोटर फिरवते. तफावत अगदी थोडी असेल, तर मोटरीला वीज दिली जात नाही. या मर्यादेला निष्क्रिय पट्टा म्हणतात. निष्क्रिय पट्टा १० मायक्रोसेकंदांचा असेल आणि १००० मायक्रोसेकंदांत भुजा ९० अंश फिरत असेल, तर ०.९ अंशापर्यंतची चूक सर्व्हो निमूटपणे सोडून देतो. पट्टा अरुंद केला की अचूकता वाढते, पण त्याबरोबर सर्व्होची अस्वस्थता आणि आवाजही वाढतो.

ॲनालॉग सर्व्होमध्ये मोटरीला मिळणारे विजेचे झटके येणाऱ्या स्पंदांच्याच गतीने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० वेळा मिळतात. डिजिटल सर्व्होमधील सूक्ष्मनियंत्रक हेच झटके सेकंदाला सुमारे ३०० वेळा देतो. दोन्ही सर्व्हो भाराखाली वेगवेगळ्या पट्टीत बोलतात, त्याचे कारण हेच. ॲनालॉग सर्व्होचा आवाज खर्जातला व गुरगुरणारा असतो, तर डिजिटलचा बारीक व उंच असतो. डिजिटल सर्व्हो प्रथमच वापरणारा छंदिष्ट त्या बारीक आवाजाने घाबरून धडधाकट सर्व्हो परत पाठवतो, हा प्रकार विरळ नाही.

आवाजांचे प्रकार

मराठीतील नादानुकारी शब्द येथे चांगले उपयोगी पडतात, कारण प्रत्येक दोषाचा नाद निराळा असतो.

भुजा हलताना होणारी आणि ती थांबताच थांबणारी घुरघुर ही मोटर व दंतचक्रे यांची स्वाभाविक आहे. धातूची दंतचक्रे असलेल्या सर्व्होत ती अधिक कर्कश असते. स्थिर असलेल्या डिजिटल सर्व्होची मंद गुणगुणही बहुधा निर्दोष असते. फलकाला बोटाने हलकेच आधार दिला की ती कमी-जास्त होते किंवा थांबते. स्थिर ॲनालॉग सर्व्होने मात्र शांत राहावे अशी अपेक्षा असते. तो सतत गुरगुरत असेल, तर तो एखादी गोष्ट ढकलू पाहत असून ती हलत नाही, असा अर्थ निघतो.

किरकिरत बारीक थरथरणे हे पोटेन्शिओमीटर, जोडणीचे टोक किंवा संदेशातील दोषाचे लक्षण आहे. फिरताना ठराविक जागी येणारा कट असा आवाज तुटलेल्या दात्याचा असतो, तर भुजा पुढे न जाता येणारी सलग कटकट म्हणजे दंतचक्रे एकमेकांवरून घसरत असल्याची खूण होय. ट्रान्समीटरची काडी हलवली असता मोटर फिरल्याचा आवाज येतो पण भुजा जागची हलत नाही, अशा वेळी दात्यांचा एक पूर्ण पट्टा साफ गेलेला असतो किंवा भुजेचा स्क्रू निघून ती दातेरी टोकावर नुसती फिरत असते.

पहिली तपासणी

विद्युत मोटरीवर चालणाऱ्या प्रतिकृतीची तपासणी करण्यापूर्वी पंखा काढून ठेवणे अनिवार्य मानले जाते. सर्व्होकडे लक्ष असताना थ्रॉटलच्या काडीला धक्का लागून पंखा सुरू होऊ शकतो, आणि त्याने बोटांना होणारी इजा गंभीर असते.

त्यानंतर शांत जागी प्रथम ट्रान्समीटर व मग रिसीव्हर चालू करून सर्व काड्या मध्यावर ठेवतात व ऐकतात. आवाज करणाऱ्या सर्व्होच्या भुजेपासून पुशरॉड सोडवतात. आवाज तत्काळ थांबला, तर सर्व्हो ठीक असून दोष पुशरॉड, बिजागरी किंवा फलक यांपैकी कोठेतरी आहे. आवाज तसाच राहिला, तर तोच सर्व्हो रिसीव्हरच्या दुसऱ्या वाहिनीत लावून पाहतात. तेथे तो शांत झाल्यास पहिल्या वाहिनीची मांडणी, तिच्यावरील मिश्रणे किंवा जोडणीचे टोक तपासावे लागते. तेथेही आवाज येत असल्यास, वीजपुरवठा ठीक आहे असे धरून, दोष सर्व्होच्या आत आहे असे म्हणता येते. या कामाला कोणतेही उपकरण लागत नाही. सर्व्हो टेस्टर हे स्वस्त साधन जवळ असेल, तर रिसीव्हर व ट्रान्समीटर बाजूला ठेवून सर्व्होची एकट्याने परीक्षा घेता येते.

पुशरॉड सुटा असतानाच फलक हाताने वरखाली करून पाहावा. चांगल्या बिजागऱ्यांवरील फलक स्वतःच्या वजनाने खाली येतो. तो मध्येच अडत असेल किंवा परत उसळत असेल, तर आवाजाचे कारण हाती लागलेच असे समजावे.

जोडणी व बिजागऱ्या

गुरगुरणाऱ्या सर्व्होंच्या तक्रारींत जोडणीचा वाटा मोठा असतो, आणि हा भाग साधा वाटत असल्याने दुर्लक्षितही राहतो. बिजागऱ्या एका रेषेत नसणे, चिकटवताना गोंद बिजागरीच्या सांध्यात जाणे, आवरणाचा चिकट कागद फटीत ताणून बसणे, पुशरॉड विमानाच्या अंगातील आडव्या फळीला घासणे, प्लॅस्टिकच्या नळीतून जाणाऱ्या पुशरॉडच्या वाटेला तीव्र वळण असणे ही नेहमीची कारणे आहेत. फोमच्या प्रतिकृतींत बिजागरी म्हणून फोमचाच पातळ पट्टा ठेवलेला असतो. तो नवा असताना ताठ असतो व लहान सर्व्होला सतत मध्याकडे ओढतो. फलक काही वेळा हाताने पूर्ण वरखाली केल्यास तो सैल होतो.

दुसरे कारण तरफेच्या हिशोबातले आहे. नऊ ग्रॅमच्या वर्गातील बहुपरिचित एसजी-९० या सर्व्होचे ४.८ व्होल्टवरील बल १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर असे दिले जाते. याचा अर्थ भुजेवर मध्यापासून १ सेंटिमीटरवरच्या छिद्रात तो १.८ किलोग्रॅमची ओढ देऊ शकतो. २ सेंटिमीटरवरच्या छिद्रात ती ०.९ किलोग्रॅमवर येते. फलकाची हालचाल जास्त हवी म्हणून भुजेचे सर्वांत बाहेरचे छिद्र वापरायचे आणि मग ती फार होते म्हणून ट्रान्समीटरवरून टक्केवारी घटवायची, ही पद्धत दुहेरी नुकसानीची आहे. सर्व्होचे बल वाया जाते आणि भुजेच्या फिरण्याचा थोडासाच भाग वापरला गेल्याने अचूकताही घटते. भुजेचे आतले छिद्र, फलकाच्या हॉर्नचे बाहेरचे छिद्र आणि ट्रान्समीटरवर पूर्ण फिरत ही मांडणी अधिक योग्य होय. तिने दंतचक्रांमधील ढिलेपणाचा, म्हणजे ‘प्ले’चा, फलकावर होणारा परिणामही कमी होतो.

रडरसाठी काही प्रतिकृतींत पुशरॉडऐवजी दोन तारा वापरतात. एक ओढते तेव्हा दुसरी सैल होते. या तारा वीणेच्या तारांसारख्या ताणणे ही नवशिक्यांची सार्वत्रिक चूक आहे. जास्त ताणाने सर्व्होच्या दांड्यावर दोन्ही बाजूंनी दाब येतो, घर्षण वाढते आणि सर्व्हो मध्यावर गुरगुरू लागतो. तारांना झोल राहणार नाही इतकाच ताण पुरेसा असतो.

सर्व्होच्या बैठकीतही एक बारकावा आहे. इंजिनाच्या प्रतिकृतींत सर्व्होच्या कानांत रबरी वायसर व त्यांच्या आत पितळी नळ्या बसवतात. नळीची रुंद कड लाकडाच्या बाजूस यावी लागते, म्हणजे स्क्रू आवळला तरी रबर चेपत नाही. रबर पूर्ण चेपले गेले, तर इंजिनाची कंपने थेट सर्व्होत शिरतात व पोटेन्शिओमीटर लवकर झिजतो.

थ्रॉटल आणि मिटणारी चाके

इंजिनाच्या कार्ब्युरेटरची फिरती नळी दोन्ही टोकांना ठरावीक जागी थांबते. सर्व्होची फिरत तिच्याहून जास्त असेल, तर काडी पूर्ण पुढे किंवा पूर्ण मागे असताना सर्व्हो बंद दाराला खांदा लावून उभा राहिल्यासारखा गुरगुरतो. ट्रान्समीटरवरील अंतिम मर्यादेची मांडणी दोन्ही बाजूंना वेगवेगळी कमी करून हा दोष घालवता येतो. नायलॉनच्या नळीतील पुशरॉडची लांबी तापमानानुसार बदलते, त्यामुळे सकाळच्या गारव्यात काटेकोर बसवलेला थ्रॉटल दुपारी पुन्हा टोकाला टेकू शकतो. म्हणून थोडी सूट ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मिटणाऱ्या चाकांचा सर्व्हो अधिक धोकादायक असतो. यांत्रिक पद्धतीची चाके टोकाच्या स्थितीत अडकण्यापूर्वीच सर्व्होची फिरत संपली किंवा गवताच्या काडीने चाक अडले, तर सर्व्हो संपूर्ण उड्डाणभर ताणाखाली राहतो, आणि विमान हवेत असल्याने त्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. अडलेला सर्व्हो किती वीज ओढतो, हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. लहान सर्व्होंत हा प्रवाह काहीशे मिलिअँपिअर असतो, मोठ्या व शक्तिमान सर्व्होंत तो १ अँपिअरच्या बराच पुढे जातो. उदाहरणादाखल, सर्व सर्व्हो मिळून सरासरी ४०० मिलिअँपिअर वापरत असतील, तर २००० मिलिअँपिअर-तासांची रिसीव्हर बॅटरी हिशोबाने ५ तास पुरेल. एका अडलेल्या सर्व्होने सतत ५०० मिलिअँपिअर जास्त ओढले, तर तीच बॅटरी सव्वादोन तासांच्या आत रिकामी होईल. बॅटरी कालच्याइतकीच भरली आहे आणि उड्डाणेही कालच्याइतकीच होणार आहेत, हा भरवसा अशा वेळी अंगाशी येतो.

एका फलकास दोन सर्व्हो

मोठ्या प्रतिकृतींत एकच फलक दोन सर्व्होंनी हलवतात. दोन्ही सर्व्हो एकाच मापाचे असले तरी त्यांचे मध्यबिंदू व टोके नेमकी जुळतातच असे नाही. न जुळल्यास एक सर्व्हो दुसऱ्याला ढकलत राहतो व दोघेही गुणगुणतात. असे सर्व्हो तापतात, वीज खातात आणि दंतचक्रे लवकर गमावतात. यासाठी प्रत्येक सर्व्हो स्वतंत्र वाहिनीवर लावून किंवा जुळणीचे इलेक्ट्रॉनिक साधन मध्ये घालून मध्य व दोन्ही टोके अशा तीन जागी जुळवणी करतात. प्रवाहमापक मध्ये जोडून आकडा सर्वांत कमी होईल तेथे थांबणे ही खात्रीची रीत आहे. केवळ कानावर विसंबून केलेली जुळणी येथे अपुरी पडते, कारण डिजिटल सर्व्हो मुळातच थोडे गुणगुणत असतात.

सर्व्होच्या आतील दोष

पोटेन्शिओमीटर हा सर्व्होमधील सर्वांत आधी झिजणाऱ्या भागांपैकी एक आहे. प्रतिकृतीचा बहुतेक काळ काडी मध्याजवळ असताना जात असल्याने त्याचा रोधपट्टा मध्यभागीच अधिक घासला जातो. परिणामी सर्व्हो मध्याजवळ थरथरतो व दोन्ही टोकांना शांत राहतो. थरथर अशी विशिष्ट जागीच होत असेल, तर संशय पोटेन्शिओमीटरवर घ्यावा. ती सर्व स्थितींत व अनेक सर्व्होंत एकदम होत असेल, तर वीजपुरवठ्यावर किंवा संदेशावर. विद्युत संपर्क स्वच्छ करणारा फवारा मारल्यास झिजलेला पोटेन्शिओमीटर काही दिवस गप्प बसतो. सरावाच्या टेबलावर हे ठीक आहे. एलेव्हेटरवर असा सर्व्हो पुन्हा बसवणे समर्थनीय नाही.

दंतचक्रांची पाहणी करण्यासाठी बॅटरी काढून पेटीचे चार लांब स्क्रू सोडवतात व वरचे झाकण सरळ उचलतात. चक्रांचा क्रम आधीच टिपून किंवा छायाचित्र काढून ठेवणे सोयीचे असते. मोडलेला दाता पुष्कळदा ग्रीसमध्ये अडकलेला सापडतो. तो तेथेच राहिल्यास नव्या चक्राचेही दाते मोडतो, म्हणून जुने ग्रीस पूर्ण पुसून काढावे. नवे ग्रीस दात्यांवर पातळ लावतात. शिवणयंत्राचे तेल किंवा गंज सोडवणारा फवारा येथे वापरू नये; ते ओघळून पोटेन्शिओमीटर व मोटरीच्या ब्रशांपर्यंत पोहोचते. प्लॅस्टिकची चक्रे आघाताने मोडतात पण झीज कमी दाखवतात. धातूची चक्रे आघात सोसतात, मात्र कालांतराने त्यांच्यात ‘प्ले’ वाढतो. भुजा दोन बोटांत धरून हळूच डावीउजवीकडे हलवली, की हा ‘प्ले’ हाताला जाणवतो. धातूची चक्रे म्हणजे कायमची निश्चिंती, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

मोटरीचे ब्रश संपत आल्यास सर्व्हो कधी हलतो, कधी नाही, आणि पेटीला टिचकी मारली की पुन्हा चालू लागतो. टिचकीने सुधारलेला सर्व्हो उड्डाणासाठी बाद समजावा.

वीजपुरवठा व संदेश

एक सर्व्हो हलवला असता दुसराही दचकतो, हे अपुऱ्या वीजपुरवठ्याचे ठळक लक्षण आहे. विद्युत प्रतिकृतींत मोटरीच्या गतिनियंत्रकातच ५ व्होल्टचा पुरवठा असतो व त्याची क्षमता मर्यादित असते. काही सर्व्हो अडलेले असताना ही मर्यादा ओलांडली गेली, तर व्होल्टता क्षणभर कोसळते, २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि तेवढा काळ विमान नियंत्रणाबाहेर जाते. रिसीव्हरच्या रिकाम्या वाहिनीत मोठा कपॅसिटर लावून असा झटका सौम्य करता येतो, पण मूळ अडलेली जोडणी तशीच राहते. याउलट, ४.८ ते ६ व्होल्टसाठी बनवलेल्या सर्व्होला दोन घटांच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचे पूर्ण भरलेले ८.४ व्होल्ट थेट दिल्यास तो थरथरतो, तापतो आणि जळू शकतो.

जुन्या ३५ व ७२ मेगाहर्ट्झच्या संचांत बाहेरच्या लहरींचा, पेट्रोल इंजिनाच्या ठिणगीचा, इतकेच नव्हे तर धातूवर धातू घासणाऱ्या क्लेव्हिसचाही उपद्रव होऊन सर्व्हो किरकिरत. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांत संदेश तुटल्यास रिसीव्हर बहुधा शेवटची स्थिती धरून ठेवतो किंवा ठरवून दिलेल्या सुरक्षित स्थितीत जातो. म्हणून आजच्या संचात थरथर दिसल्यास प्रथम टोके, तारा व बॅटरी तपासणे योग्य. आणखी एक दोष मांडणीतून येतो: काही स्थैर्ययंत्रे सर्व्होला सेकंदाला ३०० हून अधिक स्पंद पाठवू शकतात. ॲनालॉग सर्व्होला ही गती दिल्यास तो उंच आवाज करत तापतो व थोड्याच वेळात निकामी होतो. अशा सर्व्होसाठी यंत्रातील गती ५० वर ठेवावी लागते.

उड्डाणातील घरघर

जमिनीवरून ऐकू येणारा सर्वांत गंभीर आवाज सर्व्होचा नसून फलकाचा असतो. वेगाने खाली झेपावताना अचानक मोठी फर्रर्र अशी घरघर ऐकू आली, तर फलक फडफडू लागला आहे असे समजावे. ढिली जोडणी, झिजलेली दंतचक्रे, लवचीक पुशरॉड किंवा बिजागरीजवळची मोठी फट यांमुळे फलकाला स्वैर हलण्यास वाव मिळतो आणि वाऱ्याच्या वेगाने तो सेकंदाला अनेक वेळा वरखाली होऊ लागतो. काही क्षणांत हॉर्न उखडतो किंवा फलकच सुटतो. अशा वेळी थ्रॉटल तत्काळ बंद करून, नाक हळुवार वर घेऊन वेग कमी करणे व विमान लगेच उतरवणे एवढाच उपाय असतो.

विमान सुखरूप उतरले तरी त्या दिवशी ते पुन्हा उडवू नये. फडफडीचे धक्के उलट दिशेने दंतचक्रांवर बसलेले असतात व दात्यांच्या मुळाशी तडे गेलेले असू शकतात. हा सर्व्हो नंतर जमिनीवर अगदी शांत चालतो, म्हणून केवळ आवाजावरून त्याला निर्दोष ठरवता येत नाही. पेटी उघडून पाहावे लागते किंवा चक्रांचा संच बदलावा लागतो. फडफड होण्यापूर्वी जमिनीवर मिळणारी खूण म्हणजे फलकाचा ‘प्ले’, आणि तो बोटाने तपासण्यास प्रत्येक फलकामागे काही सेकंद पुरतात.

साठवण व हवामान

राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवले जाते, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थीही अशा प्रतिकृती बनवतात. संस्थांमधील प्रतिकृती पावसाळ्यात दीर्घकाळ कपाटात राहतात. कोकण किनाऱ्यासारख्या दमट व खारट हवेत जोडणीच्या टोकांवर व पोटेन्शिओमीटरच्या संपर्कांवर मळ धरतो, आणि मोसमाच्या पहिल्या दिवशी सर्व्हो किरकिरू लागतात. टोके काही वेळा काढून पुन्हा बसवणे व प्रत्येक सर्व्हो या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवणे यांनी हलका मळ निघतो. त्यानंतरही किरकिर राहिल्यास सर्व्हो वेगळा काढून त्यावर खूण करून ठेवतात. असे सर्व्हो विमानात न वापरता विद्यार्थ्यांना आतील रचना दाखवण्यासाठी उघडून ठेवता येतात.